भरवसा आणि निवेदन : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील ईश्वरी मार्गदर्शनाचे रूप

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. एक अंग इतिहासाचे : मुद्रण, नियतकालिके, भाषांतरे आणि मिशनऱ्यांचे भाषाकार्य यांची नोंद घेणारे. दुसरे अंग समाजशास्त्रीय : धर्मांतराची कारणे, त्याचे परिणाम आणि त्यातून निर्माण झालेली द्विधा अस्मिता तपासणारे. ही दोन्ही अंगे आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्यामधून एक प्रश्न निसटतो. आपल्या आयुष्याला ईश्वर वाट दाखवीत आहे, अशी ज्या लेखकाची निष्ठा आहे, तो आपले आयुष्य कसे सांगतो? या निष्ठेचा निवेदनाच्या आकृतिबंधावर कोणता परिणाम होतो? हा प्रश्न धर्मशास्त्राचा नसून वाङ्मयाचा आहे. निष्ठा खरी की खोटी याचा निवाडा समीक्षेला करता येत नाही. मात्र एखादी संहिता अनिश्चिततेला सामोरी जाते की तिला वळसा घालते, हे समीक्षेला सांगता येते आणि ते सांगणे तिचे कामच आहे.

आरंभी शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे. ख्रिस्ती मराठीत ‘विश्वास’ हा शब्द पारिभाषिक होऊन बसला आहे. ‘श्रद्धा’ला विधीचा आणि परंपरेचा गंध आहे. ‘भाव’ हा भक्तिसंप्रदायाचा शब्द. त्यात प्रेमाचा ओलावा आहे, पण त्याला भविष्यकाळाची चिंता फारशी नाही. या सर्वांहून वेगळा शब्द म्हणजे ‘भरवसा’. तो व्यवहारातला आहे आणि बोलीत तो बहुतेक वेळा नकारासह येतो : पावसाचा भरवसा नाही, जिवाचा भरवसा नाही, त्याचा काय भरवसा. ज्याची खात्री देता येत नाही अशाच गोष्टीच्या संदर्भात हा शब्द आठवतो, ही बाब सूचक आहे. सूर्य उद्या उगवेल यावर कोणी भरवसा ठेवीत नाही. तेथे त्याची गरज नसते. अनिश्चितता ही भरवशाची पूर्वअट आहे. ती नाहीशी झाली की भरवशाचे ज्ञान होते आणि ज्ञानाला धैर्य लागत नाही.

ईश्वरी मार्गदर्शनाची कल्पना प्रारब्धाच्या कल्पनेहून ज्या ठिकाणी वेगळी होते, ते ठिकाणही येथेच लक्षात घ्यावे. प्रारब्ध कोणाशी बोलत नाही. ते भोगावयाचे असते आणि भोगून झाल्यावरच कळते. मार्गदर्शनात मात्र बोलणारा कोणी आहे आणि ऐकणाराही आहे, असे गृहीत असते. साहजिकच ऐकण्यात चूक होण्याची शक्यताही त्यात आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या बाराव्या अध्यायात अब्राहाम घर सोडतो तेव्हा जावयाच्या देशाचे नावही त्याला सांगितलेले नसते, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याच्या विश्वासाची थोरवी सांगताना नेमक्या याच गोष्टीवर भर दिलेला आहे. म्हणजे मूळ परंपरेत विश्वास हा नकाशा हाती असण्याचा पर्याय नव्हे. नकाशा नसताना निघण्याची ती क्रिया आहे. ईयोबाच्या ग्रंथात तर रचनेनेच हे साधले आहे. ईयोबावर संकटे का आली हे वाचकाला प्रारंभीच ठाऊक होते. ईयोबाला ते अखेरपर्यंत सांगितले जात नाही. वावटळीतून ईश्वर बोलतो, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

२

या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती आत्मकथनाचा जो सर्वाधिक रूढ प्रकार, म्हणजे ‘साक्ष’, त्याची घडण पाहण्यासारखी आहे. साक्ष ही नेहमी मुक्कामावर पोहोचलेल्या माणसाने दिलेली असते. घटनाकाळातला ‘मी’ आंधळा असतो, निवेदनकाळातला ‘मी’ डोळस असतो आणि या दोहोंमधील अंतर हाच साक्षीचा विषय असतो. संत ऑगस्टिन यांचा ‘कन्फेशन्स’ हा या प्रकाराचा आद्य नमुना. मिलानमधील बागेतला प्रसंग ३८६ मधला. लेखन सुमारे ३९७ ते ४०० या काळातले. लिहिणारा मनुष्य तोवर हिप्पोचा बिशप झालेला आहे. बागेत एका मुलाचा आवाज ऐकू येतो, ऑगस्टिन पौलाचे पत्र उघडतात आणि समोर आलेल्या ओळींनी त्यांचा निर्णय होतो. त्या दिवशी तो आवाज कदाचित शेजारच्या घरातील खेळाचाही असू शकला असता, ही शंका ऑगस्टिन स्वतः नोंदवितात. पुढे मात्र ती मागे पडते. कारण कथेचा शेवट ठाऊक असलेल्या निवेदकाला त्या आवाजाचा अर्थ आता निश्चितपणे माहीत असतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची सुपरिचित हकीगत याच घडणीची आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटतो, नव्या कराराची प्रत देतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करतो. टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी येतात आणि तेथे गुंततात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. भाकीत खरे ठरले, म्हणून तो प्रवासी कथेत आला. असे किती प्रवासी, किती पुस्तके आणि किती भाकिते त्या काळातील किती तरुणांच्या वाट्याला आली असतील आणि विस्मृतीत गेली असतील! साक्षीचा आकृतिबंध निवडीवर उभा असतो आणि ही निवड शेवटाच्या प्रकाशात होते. ज्या घटना शेवटाकडे नेतात त्या खुणा ठरतात; उरलेल्या गळून पडतात. किर्केगार्द यांनी आयुष्य समजण्याची आणि ते जगण्याची दिशा परस्परविरुद्ध असल्याचे जे निरीक्षण नोंदविले, ते साक्षीला तंतोतंत लागू पडते. साक्ष मागे वळून समजलेल्या आयुष्याला पुढे जगलेल्या आयुष्याचे रूप देते.

यात अप्रामाणिकपणा आहे असे मुळीच नाही. स्मरण करणारा प्रत्येक मनुष्य हेच करतो. परंतु वाङ्मयीन दृष्ट्या याची एक किंमत मोजावी लागते. ज्या भरवशाची ग्वाही द्यावयाची, तो भरवसा ज्या अंधारात ठेवला गेला तो अंधारच निवेदनातून पुसला जातो. वाचकाला दिवा दिसतो, रात्र दिसत नाही. मग दिव्याचे महत्त्व त्याला ऐकीव वाटू लागते.

३

पंडिता रमाबाई यांचे १९०७ मध्ये केडगावच्या मुक्ती छापखान्यातून प्रसिद्ध झालेले इंग्रजी निवेदन, ज्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘आपल्या अक्षय धनाची साक्ष’ असा होतो, शीर्षकापासूनच या प्रकारात मोडते. तरीही त्यात दोन जागा अशा आहेत, की जेथे साक्षीचा आकृतिबंध आतून ताणला जातो.

पहिली जागा दुष्काळाची. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत देशभर फिरत होते. त्यांचा आपल्या देवांवर भरवसा होता आणि तो वरवरचा नव्हता. उपास, व्रते, दानधर्म यांत होते नव्हते ते त्यांनी खर्ची घातले. १८७४ मध्ये रमाबाईंचे आईवडील गेले. पाठोपाठ थोरली बहीण गेली. रमाबाईंच्या साक्षीत हा काळ खोट्या आशेचा काळ म्हणून येतो. येथे चिकित्सक वाचकाच्या मनात एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. देवाने मार्ग दाखवावा म्हणून त्या कुटुंबाने जी वाट पाहिली, तिच्यात आणि रमाबाईंच्या पुढील आयुष्यातील वाट पाहण्यात भेद कोणता? भूक तीच, प्रार्थनाही तितकीच उत्कट. एका वेळी अन्न मिळाले नाही, दुसऱ्या वेळी मिळाले, एवढ्यावर भेद आधारला, तर विश्वासाची कसोटी फळ ठरते. आणि मग दुष्काळात मेलेल्या असंख्य ख्रिस्ती माणसांच्या विश्वासाचे काय करावयाचे?

रमाबाईंच्या निवेदनात या प्रश्नाला तार्किक उत्तर नाही. पण उत्तराची दिशा आहे आणि ती त्यांच्या कृतीत सापडते. भुकेची स्मृती त्यांनी धर्मशास्त्रीय वादाचे साधन करून सोडून दिली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणि विधवा आणल्या. केडगावला मुक्तीसदन उभे राहिले. शेती, छापखाना, शाळा असा विस्तार झाला. शारदासदनाला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांचे अभिवचन १८९८ मध्ये संपले आणि पुढे ठरीव उत्पन्नाच्या हमीशिवाय काम चालविण्याकडे त्या वळल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथाश्रमाचा आदर्श त्यांच्यासमोर होता. म्हणजे त्यांच्या बाबतीत भरवसा हा नांगर, विहीर आणि धान्याचे कोठार यांना पर्याय म्हणून आलेला नाही. ही सारी खटपट करण्याचे बळ म्हणून आला आहे. डोंगऱ्यांच्या तीर्थयात्रेहून ही गोष्ट वेगळी आहे. तेथे भरवसा पुण्यसंचयाकडे वळला होता. येथे तो दुसऱ्याच्या भुकेकडे वळला.

दुसरी जागा अधिक सूक्ष्म आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. साक्षीच्या संकेतानुसार कथा येथे शिखरावर पोहोचावयास हवी. रमाबाई मात्र सांगतात की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यासाठी पुढे अनेक वर्षे जावी लागली. ज्या घटनेला जगाने मुक्काम मानले, तो त्यांनी वाटेतला एक थांबा ठरविला. असे म्हणताना त्या नकळत एक धोका पत्करतात. एक मुक्काम खोटा ठरू शकतो, तर दुसराही का ठरू नये? साक्षीच्या पोटात शिरलेली ही शंका रमाबाई उघडपणे बोलून दाखवीत नाहीत. पण त्यांनी ती आत येऊ दिली, यातच त्यांच्या निवेदनाची वाङ्मयीन प्रामाणिकता आहे.

४

लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली. पहिला भाग १९३४ मध्ये, चौथा त्यांच्या निधनानंतर. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. या ग्रंथाचे कौतुक सहजसुंदर भाषा, निर्मळ विनोद आणि निखळ प्रांजळपणा या गुणांसाठी होत आले आहे. त्यातील श्रद्धेचा भाग सर्वसाधारण समीक्षेने बहुधा बाजूला ठेवला. उलटपक्षी, श्रद्धावान वाचकांनी हा ग्रंथ साक्ष म्हणून वाचला. प्रस्तुत प्रतिपादन असे, की ‘स्मृतिचित्रे’ ही साक्ष नाही आणि ती साक्ष नसल्यामुळेच ईश्वरी मार्गदर्शनावरील भरवशाचे मराठीतील सर्वांत विश्वसनीय चित्र तिच्यात उमटले आहे.

ग्रंथाचा आरंभच अर्थपूर्ण आहे. १८५७ च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, फाशी झाली आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाहेरून येणारा जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. वाचक हसतो, पण हसता हसता त्याच्या लक्षात येते की सोवळे ही भीतीने बांधलेली भिंत आहे. जगातील अनिश्चितता उंबऱ्याबाहेर थोपवून धरण्याची ती धडपड आहे. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात पुढे जे घडले त्याच्याशी या आरंभाचे नाते जोडले पाहिजे. ज्या मुलीचे बालपण इतक्या कडेकोट घरात गेले, तिचे सारे वैवाहिक आयुष्य अशा पुरुषाबरोबर गेले, की ज्याच्या घराला दारच नव्हते.

टिळकांचा ईश्वरावरील भरवसा संपूर्ण होता. हाती आलेले दुसऱ्याला देऊन टाकावे, मनात आले की निघून जावे, कोणालाही घरी आणावे, उद्याची चिंता उद्यावर सोडावी, हे त्यांच्या स्वभावात बाप्तिस्म्यापूर्वीही होते. डोंगरावरील प्रवचनाने त्याला अधिष्ठान दिले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते ‘देवाचा दरबार’ या कल्पनेकडे वळले, हा त्याच वृत्तीचा कळस होता. टिळकांच्या चरित्रात हे सारे वैराग्य म्हणून शोभते. ‘स्मृतिचित्रां’त त्याची दुसरी बाजू दिसते. नवऱ्याचा जो भरवसा, तीच बायकोची अनिश्चितता होती. आकाशातील पाखरांना कोणी खाऊ घालतो हे खरे; पण टिळकांच्या घरात पाखरांचा पाहुणचार करावयाचा आणि रिकामा डबा खरवडावयाचा तो लक्ष्मीबाईंनी. ईश्वरावर टाकलेला भार वाटेत कोणाच्या डोक्यावर उतरतो, हा प्रश्न भक्तिपर वाङ्मयात सहसा विचारला जात नाही. लक्ष्मीबाई तो विचारतात, आणि तोही तक्रारीचा सूर न लावता. विनोद हे येथे केवळ शैलीचे लेणे राहत नाही. विनोदामुळे निवेदिकेला टिळकांच्या विश्वासाचा आदर आणि त्याच्या परिणामांची नोंद या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवता येतात. गंभीर स्वर लावला असता तर एक तर स्तोत्र झाले असते, नाही तर आरोपपत्र.

टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या निर्णयात त्यांना ईश्वराचा हात दिसला. लक्ष्मीबाईंना दिसली ती कोसळलेली घरसंसाराची चौकट. पुढील काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली; लहान दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढले. हा काळ सांगताना निवेदिका जवळजवळ चाळीस वर्षे पुढे उभी आहे, स्वतः ख्रिस्ती आहे, पतीच्या विश्वासात सहभागी आहे. साक्षीच्या संकेतानुसार तिने म्हणावयास हवे होते, की त्या वेळी कळले नाही, पण हीच देवाची योजना होती. लक्ष्मीबाई तसे म्हणत नाहीत, किंवा म्हटलेच तर त्या वाक्याने आधीचे दुःख रद्द होऊ देत नाहीत. त्या वेळची बाई त्या वेळच्या अज्ञानासह, रागासह, भ्रमिष्टपणाच्या सीमेवर पोहोचलेल्या अवस्थेसह तशीच उभी राहते. निवेदनकाळातील डोळस ‘मी’ घटनाकाळातील ‘मी’च्या वतीने बोलत नाही. मराठी आत्मचरित्रात हा संयम दुर्मीळ आहे.

त्यांचे स्वतःचे धर्मांतरही याच रीतीने येते. आगगाडीतील भाकीत नाही, बागेतील आवाज नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, ही गोष्ट त्यांना स्वतःच्या मनाशी वाद घालता घालता पटते आणि आयुष्यभराचे सोवळे त्या हळूहळू उतरवून ठेवतात. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. बालपणीच्या घरातील भिंत येथे पडली, असे वाचकाला म्हणता येते. पण लेखिका स्वतः ही जोडणी ठळक करीत नाही. आरंभ आणि हा प्रसंग यांत जो अन्वय आहे, तो शोधण्याचे काम तिने वाचकावर सोडले आहे. मार्गदर्शन होते की नव्हते, हे सांगण्याची घाई संहितेला नाही.

या भेदाचे एक रचनात्मक कारण दाखविता येईल. ऑगस्टिन यांचे सबंध निवेदन ईश्वराला उद्देशून आहे. टिळकांच्या ‘अभंगांजली’तील रचनाही बहुतांशी द्वितीय पुरुषी संबोधनावर उभी आहे, तेथे त्यांनी वारकरी अभंगाचा वारसा जाणीवपूर्वक स्वीकारला आहे. रमाबाईंची साक्ष सहधर्मीयांना उद्देशून आहे. लक्ष्मीबाई मात्र ओसरीवर बसलेल्या शेजारणीला सांगावे तसे सांगतात. ईश्वराला सांगताना काही लपविता येत नाही, हे खरे. पण त्याला काही सांगण्याची गरजही नसते, त्याला सारे ठाऊकच असते. सहधर्मीयांना सांगताना निष्कर्षाची अपेक्षा असते. शेजारणीला मात्र प्रसंगच सांगावा लागतो : कोण आले, काय बोलले, स्वयंपाकघरात काय होते, काय नव्हते. तिला तात्पर्य नको असते. पुढे काय झाले ते हवे असते. ‘स्मृतिचित्रां’तील अनिश्चितता जिवंत राहिली ती या श्रोत्यामुळे.

५

या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. ईश्वरी योजनेचा उच्चार कमी, म्हणून विश्वासाचे चित्र अधिक खरे, असे म्हणणे म्हणजे आधुनिक वाचकाच्या संशयवृत्तीला प्रमाण मानणे नव्हे काय? श्रद्धेचे साहित्य श्रद्धेच्या निकषांवर का तपासू नये? आक्षेपात तथ्य आहे. उत्तर असे, की येथे लावलेला निकष बाहेरून आणलेला नाही. अब्राहाम आणि ईयोब यांच्या कथांनी तो परंपरेच्या आतच घालून दिला आहे. माहीत नसताना निघणे हा जर विश्वासाचा गाभा असेल, तर ज्या निवेदनात ‘माहीत नसणे’ शिल्लक राहते, तेच त्या गाभ्याशी अधिक इमान राखते. सर्व प्रश्नांची उत्तरे शेवटच्या पानावर देणारी साक्ष ईयोबाच्या मित्रांच्या अधिक जवळची असते. त्या मित्रांपाशी प्रत्येक दुःखाचे कारण तयार होते आणि ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराने दोष दिला तो त्यांनाच.

दुसरी गोष्ट, ‘स्मृतिचित्रां’त भरवशाचा उच्चार कमी असला तरी भरवसा कमी नाही. तो क्रियापदांत आहे. लक्ष्मीबाई शुश्रूषा करतात, परक्या मुलांना घरात घेतात, ९ मे १९१९ रोजी टिळक गेल्यानंतर पुन्हा नव्याने संसार मांडतात आणि उतारवयात कराचीसारख्या परमुलखात राहतात. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्या पुढे लिहीत राहतात. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या बाईने पतीचे महाकाव्य हाती घ्यावे, यात केवळ पत्नीधर्म पाहणे अपुरे आहे. दुसऱ्याने आरंभिलेले, ज्याचा शेवट आपल्याला दिसेलच असे नाही, असे काम उचलणे, हे भरवशाचे याहून स्पष्ट रूप कोणते? १९३८ मध्ये ते काव्य प्रसिद्ध झाले तेव्हा दोघांपैकी कोणीही ते पाहावयास उरले नव्हते.

ख्रिस्ती आत्मकथनांचा यापुढील अभ्यास करताना धर्मांतराच्या कारणांइतकेच लक्ष धर्मांतरानंतरच्या रोजच्या दिवसांकडे गेले पाहिजे. निर्णयाचा क्षण नाट्यपूर्ण असतो आणि निवेदकाला तो मोहवितो. परंतु मार्गदर्शनावरचा विश्वास कसास लागतो तो त्या क्षणी नव्हे. वेतन थांबल्यावर, मूल आजारी पडल्यावर, माणूस न सांगता निघून गेल्यावर लागतो. रमाबाईंच्या साक्षीत हे दिवस कार्याच्या विस्तारामागे काहीसे झाकले जातात. टिळकांच्या कवितेत ते उत्कटतेत विरघळतात. लक्ष्मीबाईंच्या गद्यात ते दिवस म्हणूनच राहतात आणि संध्याकाळी चूल पेटेल की नाही हे त्या दिवसाच्या सकाळी कोणालाच ठाऊक नसते. चुलीपुढे बसलेली बाई मात्र भांडी घासून ठेवते. मराठी गद्यात विश्वासाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. विश्वासाची अशी दिनचर्या ‘स्मृतिचित्रां’तच आढळते.